जुन्या गाडीत पेट्रोलचं प्रेशर कमी पडतंय? पंप बदलण्याआधी घरीच असं तपासा

गोव्यातलं केरी मागे पडलं आणि चोर्ला घाटाचा चढ लागला, की जुन्या गाडीतलं खरं-खोटं बाहेर येतं. म्हापसा-पणजी सपाटीवर तिची काही तक्रार नसते. चढाला रेस दिली की गचके देते, पिकअप जातो, पाय सैल सोडला की सावरते. काही गाड्यांचं दुखणं वेगळं असतं: सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची वेळ येते, आणि एकदा चालू झाली की दिवसभर नाव नाही. अशी गाडी गॅरेजला नेली की बहुतेकदा पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "पंप गेलाय, बदलून टाकू." कधी तो खरंच गेलेला असतो. पण पंप बदलूनही गचके तसेच राहिलेली गाडी तुमच्या ओळखीत एखादी तरी निघेलच.

प्रेशर कमी आहे एवढं कळून काही ठरत नाही. ते वायरीमुळे कमी पडतंय, टँकमधल्या पाण्यामुळे, तुंबलेल्या फिल्टरमुळे, की प्रेशर ठरावीक मर्यादेत ठेवणाऱ्या रेग्युलेटरमुळे, हे शोधावं लागतं. यातलं निम्मं काम पेट्रोलची एकही नळी न सोडता होतं. गोव्यासारख्या खाऱ्या, दमट हवेत तर माझा पहिला संशय पंपावर नसतोच, तो वायरीवर आणि पेट्रोलवर असतो. म्हणून पुढचा क्रम मोडू नका. फुकटातलं आधी, खर्चाचं शेवटी.

आधी गाडी कुठल्या प्रकारची ते बघा

साधारण २००० सालाआधीच्या बऱ्याच पेट्रोल गाड्या कार्बोरेटरवाल्या आहेत, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांत्रिक रीतीने मिसळणाऱ्या, उदाहरणार्थ जुनी मारुती ८०० किंवा ओम्नी. यांत इंजिनाला लावलेला छोटा यांत्रिक पंप असतो आणि तो जेमतेम ३ ते ५ पीएसआय प्रेशर देतो. त्यानंतरच्या एमपीएफआय गाड्यांत, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांत, विजेवर चालणारा पंप टँकच्या आत बुडवलेला असतो. तिथे प्रेशर साधारण अडीच ते साडेतीन बार, म्हणजे ३६ ते ५० पीएसआयच्या आसपास. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर सगळंच फसेल. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा वर्कशॉप मॅन्युअलमध्ये मिळतो. तो आधी कागदावर लिहून ठेवा.

हा लेख मुख्यतः एमपीएफआय पेट्रोल गाडीसाठी आहे. कार्बोरेटर आणि डिझेलबद्दल शेवटाकडे थोडक्यात लिहिलं आहे. गाडी कॉमन रेल डिझेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणारी) असेल तर डिझेलचा भाग वाचल्याशिवाय बॉनेटच उघडू नका.

अंगणातली तयारी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत पोचते. उणे ४० अंश सेल्सियसलाही पेट घेण्याइतकी वाफ पेट्रोल सोडतं, मग आपल्याकडच्या मे महिन्यात काय होत असेल बघा. म्हणून नळी सोडायचं काम उघड्यावरच करा. बंद गॅरेजमध्ये नको, आणि जवळ गॅस गीझर किंवा स्वयंपाकघराची खिडकी असेल तर पोर्चमध्येही नको. सकाळी सुरुवात करा. दिवेलागणीला घरातलं माणूस तुळशीपुढे दिवा लावायला त्याच अंगणात येणार. त्याच्या बऱ्याच आधी सगळ्या नळ्या जोडलेल्या आणि सांडलेलं पेट्रोल सुकलेलं असलं पाहिजे.

इंजिन पूर्ण थंड हवं. अंगावर सुती कपडे, डोळ्यांना चष्मा, हातात नायट्राइलचे मोजे. उजेडासाठी बंदिस्त एलईडी टॉर्च घ्या. वायरला लटकवलेला बल्ब पडून फुटला तर तिथेच आग लागते. एबीसी ड्राय पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा आणि वाळूची बादली त्याच्या शेजारी. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारायचं नाही, पाण्यावर तरंगत पेट्रोल आणखी पसरतं. आवाक्याबाहेर गेलं तर लांब व्हा आणि १०१ किंवा ११२ लावा.

नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढायची सवय अजून पुष्कळांना आहे. ती सोडा, फुप्फुसात गेलेला एक घोटही जिवावर बेततो. काढलेलं पेट्रोल पाण्याच्या बाटलीत भरू नका. विहिरीजवळ किंवा व्हाळात (ओढ्यात) तर थेंबही जाऊ देऊ नका. शेजाऱ्याची विहीर आणि तुमची विहीर जमिनीखाली फार लांब नसतात.

हत्यारं फार लागत नाहीत: साधा मल्टिमीटर, ८ ते १४ पर्यंतचे पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, सुती फडकी, आणि पुढच्या टप्प्यासाठी फ्यूल प्रेशर गेज. एक माणूस मदतीला हवा, चावी फिरवायला.

चावी फिरवा आणि ऐका

मदतनिसाला ड्रायव्हर सीटवर बसवा. रेडिओ, पंखा बंद. तुम्ही मागच्या सीटवर कान देऊन बसा किंवा टँकचं झाकण उघडून तिथे कान लावा. आता चावी फक्त 'ऑन'वर न्यायची, सेल्फ मारायचा नाही. बहुतेक एमपीएफआय गाड्यांत दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते आणि थांबते. तो पंप नळीत प्रेशर भरत असतो.

आवाजच नाही, तर लगेच पंपाला दोष देऊ नका. काही गाड्यांत सेल्फ मारल्यावरच पंप सुरू होतो, म्हणून सेल्फ मारतानाही ऐका. आवाज आहे पण नेहमीपेक्षा मोठा, किंकाळल्यासारखा असेल, तर पंपाला पेट्रोल ओढायला किंवा पुढे ढकलायला जड जातंय. टँकमध्ये पेट्रोल किती आहे बघा. सतत रिझर्व्हवर चालवलेल्या गाडीत पंप तापतो, कारण भोवतालचं पेट्रोलच त्याला गार ठेवतं. "शंभर रुपयांचं टाक" म्हणायची सवय पंपाला महाग पडते ती अशी.

आता बिनखर्चाची, पण पुष्कळ काही सांगून जाणारी एक चाचणी. रात्रभर उभ्या गाडीची चावी 'ऑन' करा, तीन सेकंद थांबा, बंद करा. दहा सेकंदांनी पुन्हा. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. रोज कुरकुरणारी गाडी अशा वेळी एका फटक्यात चालू झाली, तर पंप प्रेशर बनवतोय, पण उभ्या गाडीत ते टिकत नाही, असा अर्थ. मग शोध पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल टँककडे मागे येऊ न देणारी झडप), रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर याच दिशेने. चढावरच्या गचक्यांशी या दुखण्याचा सहसा संबंध नसतो. या दोन तक्रारी वेगळ्या धरा.

आणखी एक: धावता धावता गाडी मेली तर टँकचं झाकण उघडून बघा. बाहेरची हवा सूंऽऽ करून आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी सुरळीत झाली, तर टँकला श्वास घ्यायची वाट तुंबली आहे. उन्हात उभ्या गाडीतून थोडी वाफ बाहेर येणं नेहमीचंच, तिची भीती नको.

वायर, रिले आणि अर्थिंग

हा टप्पा घाईत उरकू नका.

फ्यूज बॉक्सच्या झाकणामागच्या चित्रात पंपाचा फ्यूज शोधा. नुसता डोळ्यांनी बघून ठरवू नका, मल्टिमीटर लावा. उडालेला असेल तर त्याच अँपिअरचा घाला. पुन्हा उडाला तर कुठेतरी वायर उघडी पडून बॉडीला लागते आहे किंवा पंप जाम होतोय. मोठा फ्यूज घालून भागवणं म्हणजे आगीला आमंत्रण. रिले म्हणजे पंपाला वीज देणारा, विजेवरच चालणारा स्विच. तो तपासायची सोपी रीत अशी, की शेजारच्या हॉर्नच्या किंवा लाइटच्या रिलेवर तोच नंबर असेल तर दोघांची अदलाबदल करून बघा. पंप बोलायला लागला आणि हॉर्न मुका झाला, तर चोर सापडला.

काही गाड्यांना अपघातात पंप बंद करणारा इनर्शिया स्विच असतो. खड्ड्यात जोरात आदळल्यावरही तो कधी पडतो. मॅन्युअलमध्ये त्याची जागा दिलेली असते. आधी कुठे पेट्रोल गळत नाही ना ते बघून मगच त्याचं बटण दाबा.

पंप चालतोय, पण पुरेशा व्होल्टेजवर चालतोय का, हा पुढचा प्रश्न. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली एक गोल किंवा चौकोनी पत्रा असतो आणि त्याखाली पंपाचा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग. काहींत टँक उतरवावी लागते, तिथे गाडीखालच्या वायरिंगचा जवळचा कपलर धरा. कपलर जोडलेलाच ठेवून, त्याच्या मागून मल्टिमीटरची पिन हलकेच वायरीच्या टोकाला टेकवा. गाडी चालू ठेवून मोजा. कपलर काढून मोजलं तर भार नसल्यामुळे वायर कितीही कुजकी असो, व्होल्टेज पुरं दाखवते, आणि फसगत इथेच होते. आणि सीटखाली पेट्रोलचा वास येत असेल तर मीटर लावूच नका, आधी गळती शोधा.

चालू गाडीत बॅटरीच्या टोकांवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट असतात. पंपावर त्यापेक्षा अर्धा, फार तर एक व्होल्ट कमी चालेल. बॅटरीवर १४ आणि पंपावर ११ दिसले, तर पंप बिचारा अर्धपोटी काम करतोय. नवा पंप घातला तरी तोही असाच राबेल.

मग कमी कुठे पडतंय? आधी अर्थिंग, म्हणजे पंपातून बॉडीकडे परत जाणारी वायर, बघा. मल्टिमीटरची एक पिन लांब वायरने बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी पंपाच्या अर्थ वायरीला, पंप चालू. ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थिंग खराब. कळंगुट, मिरामार, वास्को, कोलवा अशा किनारपट्टीवर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे फार. मागच्या चाकाजवळ किंवा डिकीतल्या गालिच्याखाली बॉडीला कसलेला अर्थचा बोल्ट शोधा. वरून तो ठीक दिसतो. खोलून थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) उलटं केलंत की खालचं तोंड काळं पडलेलं, कडांना हिरवट-पांढरी भुकटी, आणि बोल्टखालच्या पत्र्याला गंजाचं गोल कडं. वायर वाकवून बघा. थिंबलजवळचे तांब्याचे धागे काळे पडून कडकड तुटत असतील तर तेवढा तुकडा कापून नवं थिंबल दाबा. पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, बोल्ट गच्च कसा, आणि कसल्यावर वरून पेट्रोलियम जेली फासा. डिचोली, सांगे भागात गाडीखालच्या कपलरमध्ये लाल माती बसून पावसाळ्यात तिचा चिखल होतो, तीही साफ करा.

एवढ्यावर गाडी सुधारली तर पुढचं वाचायची गरज नाही.

पेट्रोल आणि फिल्टर

गोव्यात एक खास प्रकार दिसतो. घरातला माणूस बोटीवर किंवा आखातात, गाडी मात्र सहा-सहा महिने ताडपत्रीखाली. टँक अर्धी रिकामी. जूनपासून चार महिने दमट हवा त्या रिकाम्या जागेत ये-जा करते. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं. देशात २०२२ च्या मध्यापर्यंत ते सरासरी १० टक्क्यांवर पोचलं आणि २०२३ पासून २० टक्क्यांचं मिश्रण येऊ लागलं. इथेनॉल पाणी शोषतं. ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि टँकच्या तळाशी बसतं. पंपाची जाळीही तळाशीच असते. सुट्टीवर आलेला माणूस चावी मारतो आणि पंपाच्या तोंडी पहिला घास तोच जातो. पत्र्याची टँक असेल तर बरोबर गंजही आला.

त्यात जुन्या रबरी नळ्या अशा पेट्रोलसाठी बनवलेल्या नव्हत्या. त्या मऊ पडतात, फुगतात, आतून त्यांची सालं सुटतात. बोटांनी दाबून, वाकवून बघा. चिकट लागली किंवा भेगा दिसल्या तर बदला. बदलताना इंजेक्शन गाडीची उच्च दाबाची फ्यूल नळीच घ्या. बाजारात मिळणारी साधी पारदर्शक नळी इथे चालत नाही.

फिल्टर गाडीखाली किंवा इंजिनजवळ असेल तर तो काढण्याआधी नळीतलं प्रेशर सोडा. त्याची रीत अशी: पंपाचा फ्यूज काढा, गाडी चालू करा, ती आपोआप बंद पडू द्या, मग दोनदा दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. आता बॅटरीचं ऋण टोक काढा. सांध्याभोवती फडकं गुंडाळून हळूहळू सैल करा. तरीही चमचाभर पेट्रोल येतंच.

काढलेला फिल्टर लगेच फेकू नका. पांढऱ्या इनॅमलच्या ताटलीत तो ज्या बाजूने पेट्रोल आत येतं त्या बाजूने उलटा करा. स्वच्छ पिवळसर पेट्रोल आलं तर ठीक. चहाच्या रंगाचं, बरोबर काळी कचकच किंवा तांबूस चूर आला, तर टँकच्या आतली परिस्थिती कळली. ताटली हलवल्यावर खाली वेगळे थेंब घरंगळताना दिसले, तर ते पाणी. अशा वेळी नुसता फिल्टर बदलून भागत नाही, टँक रिकामी करून धुवावी लागते. ते काम गॅरेजला द्या. नवा फिल्टर बसवताना त्यावरच्या बाणाचं टोक इंजिनाकडे असू द्या. फिल्टर शेवटचा कधी बदलला हे आठवत नसेल तर विचार न करता बदला, पंपाच्या मानाने तो खूपच स्वस्त. नंतरच्या काही गाड्यांत मात्र बाहेर फिल्टरच नसतो, तो टँकमधल्या पंपाच्या संचातच असतो.

आता गेज

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर मोजायची वेळ आली. स्कॅनरच्या भरवशावर राहू नका. एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष नोंदवून स्कॅनरला सांगायची पद्धत) सक्तीचं झालं, त्यामुळे त्याआधीच्या गाडीत स्वस्त स्कॅनर जोडला जाईलच असं नाही. जोडला गेला तरी साध्या एमपीएफआय गाडीच्या रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवर) बहुतेकदा प्रेशर सेन्सरच नसतो. फार तर पी०१७१ असा 'मिश्रण पातळ' सांगणारा कोड मिळेल. तो नळीतल्या प्रेशरमुळे आला की इनटेकच्या फाटलेल्या रबरामुळे, हे स्कॅनर सांगत नाही. काटा सांगतो.

गेज ० ते १० बारचा असावा. काही गाड्यांत रेलवर ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखा चाचणीचा व्हॉल्व्ह असतो. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांत तो नसतो, मग फिल्टरपासून रेलकडे जाणाऱ्या नळीत टी (तीन तोंडांचा जोड) जोडून गेज लावायचा. प्रेशर सोडायची रीत वर सांगितलीच आहे. क्लिप स्क्रूच्याच वापरा. सांधा खटक्याचा असेल आणि त्याला बसणारा जोड तुमच्याकडे नसेल, तर जबरदस्ती करू नका. ते प्लॅस्टिक तुटलं तर गाडी टो करूनच न्यावी लागेल.

जोडून झाल्यावर बॅटरी लावा, फ्यूज लावा, चावी 'ऑन' करा आणि गाडी चालू न करता प्रत्येक सांधा टॉर्चने बघा. ओलं दिसलं तर तिथेच थांबा. कोरडं असेल तर काट्याकडे वळा.

पहिलं वाचन, चावी 'ऑन', इंजिन बंद: काटा चटकन ३ बारच्या आसपास जायला हवा. एका फेरीत नाही भरला तर चावी दोन-तीनदा फिरवा.

दुसरं, गाडी आयडलवर. रेग्युलेटरला व्हॅक्यूमची बारीक नळी असलेल्या गाडीत प्रेशर थोडं उतरतं, साधारण अडीच बारच्या आसपास. ती बारीक नळी रेग्युलेटरवरून काढा: काटा साधारण अर्ध्या बारने वर गेला पाहिजे. नाही हलला तर रेग्युलेटर किंवा व्हॅक्यूमची वाट संशयित. त्या नळीच्या तोंडाशी पेट्रोलचा ओलावा किंवा वास आला तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय, पुढे काही तपासू नका, तो बदला. रिटर्न नळी (जास्तीचं पेट्रोल टँकमध्ये परत नेणारी) नसलेल्या गाडीत रेग्युलेटर टँकमध्ये असतो आणि ही चाचणी लागू नाही. तिथे काटा जवळपास स्थिर राहतो.

तिसरं वाचन गचके देणाऱ्या गाडीसाठी सगळ्यात मोलाचं. रेस ३००० आरपीएमवर धरून ठेवा आणि काटा बघत राहा, मध्ये दोन-तीनदा झटकन रेस द्या. निरोगी गाडीत काटा टिकतो, रेस देताना किंचित वर उचलतो. आजारी गाडीत तो सुरुवातीला बरोबर असतो आणि मग सावकाश, घड्याळाच्या काट्यासारखा, खाली सरकत जातो. प्रेशर बनतंय पण पेट्रोलचा पुरवठा पुरत नाही, असा त्याचा अर्थ: फिल्टर, टँकमधली जाळी, नाहीतर थकलेला पंप. आयडलवरचं एकच वाचन घेऊन "प्रेशर बरोबर आहे" असं सांगणारे इथेच चुकतात.

मात्र काटा पूर्ण वेळ ठाम उभा आणि गाडी तरीही मिसिंग करते, असं दिसलं तर पेट्रोल निर्दोष. प्लग, कॉइल, एअर फिल्टर, एक्झॉस्टमधला तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, तिकडे मोर्चा वळवा.

चौथं, गाडी बंद करून पाच मिनिटं थांबा. थोडं उतरणं चालतं. मिनिटभरात काटा शून्याकडे लोळला तर मघाची तीनदा चावी फिरवायची चाचणी आठवा. गळती कुठे, ते असं ओळखा: पुन्हा प्रेशर भरून घ्या आणि लगेच टँककडून येणारी रबरी नळी, गेजच्या अलीकडे, फडकं गुंडाळलेल्या पकडीने दाबून धरा. आता काटा टिकला तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह गळतोय. तरीही उतरतोय तर रिटर्नची नळीही दाबा. आता टिकला तर रेग्युलेटर, नाहीतर इंजेक्टर. कडक प्लॅस्टिकची नळी किंवा भेगाळलेलं रबर दाबायचं नाही.

प्रेशर सुरुवातीपासूनच कमी असेल, व्होल्टेज बरोबर आणि फिल्टर नवा असेल, तर रिटर्न असलेल्या गाडीत एक शेवटची परीक्षा. आयडलवर रिटर्नची रबरी नळी क्षणभरच दाबा. काटा जोरात वर उसळला तर पंपात दम आहे, रेग्युलेटर पेट्रोल परत सोडून देतोय. लगेच सोडा, कारण प्रेशर नेहमीच्या दुपटीकडे जाऊ शकतं. काटा जेमतेमच हलला तर दोष टँकच्या बाजूला आहे. इथेही एक बारकावा: टँकच्या आत पंपापासून वरच्या झाकणापर्यंत एक छोटी नळी असते. ती फाटली तर पंप ठणठणीत असूनही पेट्रोल टँकमध्येच परत पडतं. म्हणून पंप काढला की आधी ती नळी आणि जाळी बघायला सांगा. टँकवरचं पंपाचं झाकण उघडून पंप बाहेर काढायचं काम नवशिक्याने घरी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गेज काढतानाही आधी प्रेशर सोडा.

कार्बोरेटरवाल्यांसाठी

इथे गेजपेक्षा डोळे आणि नाक कामाला येतात. इंजिनवरच्या पंपाच्या खालच्या बारीक भोकातून पेट्रोल किंवा ऑइल पाझरतंय का बघा. डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास आणि पातळी वाढलेली असेल तर पंपाचा पडदा फाटून पेट्रोल इंजिनात उतरतंय. अशी गाडी चालवू नका, पंप बदलून ऑइलही बदला. टँक ते पंप ही ओढायची बाजू, तिथल्या नळीला बारीक भेग असेल तर पेट्रोल बाहेर दिसत नाही, हवा आत जाते. एप्रिल-मेच्या उन्हात ट्रॅफिकमध्ये बंद पडून अर्ध्या तासाने चालू होणारी गाडी बहुधा वाफ अडकल्याने बंद पडते. नळी एक्झॉस्टला टेकली आहे का ते बघा.

जुन्या मोटरसायकलींचं तर सोपं. टँक वर, कार्बोरेटर खाली, पेट्रोल आपल्या वजनाने येतं. कॉकची जाळी आणि झाकणाचं भोक साफ केलं की काम झालं.

डिझेल

जुन्या जीप, टेम्पोंत प्रेशरपेक्षा हवा शिरण्याची तक्रार जास्त. फिल्टरवरचा हँड प्रायमर (हाताने दाबून डिझेल भरायचा पंप) मारताना तो कडक न होता फुसफुसत राहिला, तर टँकपासून पंपापर्यंतचे वॉशर आणि क्लिपा तपासा. कॉमन रेल गाडीत मात्र रेलमधलं प्रेशर हजार बारच्या वर जातं. तिथली फट केसाएवढी असली तरी धार कातडीतून आत शिरते, वर दिसते फक्त टाचणी टोचल्यासारखी खूण आणि आत हात सडतो. तिथे पाना लावायचाच नाही. असं कुणाला लागलंच तर दुखत नाही म्हणून थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

गॅरेजला जायची वेळ आली तर

"पिकअप नाही" एवढंच सांगू नका. कागदावर लिहून न्या: पंपावर व्होल्टेज किती, अर्थिंगवर किती, चावी 'ऑन'ला प्रेशर किती, ३००० वर किती टिकलं, बंद केल्यावर पाच मिनिटांनी किती उरलं. चांगला मेकॅनिक असा कागद बघून खूश होतो, आणि नुसता पंप विकायला बसलेला जरा जपून बोलतो. पंप बदलायचं ठरलं तर जाळी आणि झाकणाखालचं रबर नवंच घालायला सांगा, जुना पंप परत मागून घ्या. त्यानंतर पहिल्यांदा टँक फुल कराल तेव्हा मागची सीट उचलून वास घ्या. ते रबर नीट बसलं नसेल तर टँक अर्धी असताना कळत नाही, फुल झाल्यावरच पेट्रोल तिथून डोकं वर काढतं.